माहित्येय पण आठवत नाही, हे मेंदूला नेमकं कळतं कसं?

खाडीकाठ (देवगड)

कोणी विचारलं की कोकण रेल्वेवर कणकवलीच्या आधी, रत्नागिरीच्या बाजूला कुठलं स्टेशन, तर एखादा ताडकन नांदगाव म्हणतो, एखादा म्हणतो आपल्याला नाय बा माहीत, आणि एखादा हात वर करून म्हणतो थांब थांब, सांगू नको, येतंय. मला बोलायचंय ते ह्या शेवटच्याबद्दल. नाव त्याच्या तोंडात नाहीये, डोळ्यांसमोरही नाहीये, तरी ते आपल्याकडे आहे ह्यावर तो पैज लावायला तयार असतो. ही खात्री येते कुठून? जी गोष्ट सापडलेलीच नाही ती आहे हे कळणार कसं?

मानसशास्त्रात ह्याला फीलिंग ऑफ नोइंग म्हणतात आणि ह्याची पहिली नीट तपासणी हार्ट ह्या अमेरिकन संशोधकाने १९६५ साली छापली. पद्धत अगदी साधी. सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारायचे, जे येत नाहीत ते बाजूला काढायचे आणि फक्त त्यांच्याबद्दलच विचारायचं की बाबा, पर्याय दिले तर ओळखशील का? हो की नाही ते लिहून घ्यायचं आणि मग खरंच पर्याय द्यायचे. जिथे लोक हो म्हणाले होते तिथे त्यांनी बरंच जास्त वेळा बरोबर ओळखलं. म्हणजे ही नुसती फुशारकी नाही, त्यात तथ्य आहे. पण पूर्ण नाही, कारण हो म्हणून चुकलेलेही होते आणि नाही म्हणून बरोबर ओळखलेलेही होते.

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे भांडायला बरं. मेंदू आत डोकावून बघत नाही, तो खुणांवरून अंदाज बांधतो आणि तो अंदाज आपल्याला खात्रीसारखा वाटतो. पटत नसेल तर हाणा.

मालवणी_खाजा (मालवण)

आमच्याकडे ह्यां रोजचाच. मुंबयवाले येतत, जेटीर मासळी बघतत नि म्हणतत, अरे ह्यो तो... ह्यो तो रे... माका नाव म्हायत आसा! म्हटलंय आधी घेवा, नाव मागसून सांगतंय. दाढो घेवन जातत नि घराक फोन करून सांगतत रावस गावलो. म्हायत आसा म्हणणाऱ्याक खरोखर म्हायत आसता काय, ह्यो माझो प्रश्न.

फणसगरा (राजापूर)

खाजाभाऊ 😀

पण धाग्यातलं शेवटचं वाक्य पटलं नाही. अंदाज कसला? मला जेव्हा माहित्येय असं वाटतं तेव्हा ते आतून कळतं. मेंदू आधी आत जाऊन बघून येतो, नोंद आहे का, आणि आपल्याला सांगतो की आहे पण हाताला लागत नाहीये. एवढी सरळ गोष्ट. उगाच साध्याचं अवघड करायचं आणि वर गोऱ्यांची नावं टाकायची.

खाडीकाठ (देवगड)

फणसगरा, तुम्ही म्हणताय साधारण तेच हार्टलाही वाटत होतं, की स्मरणावर नजर ठेवणारी एक यंत्रणा आत असते आणि ती नोंद आहे की नाही ते बघून सांगते. त्यामुळे तुमच्या बाजूलाही एक गोरा आहे, काळजी नसावी.

पण पुढे १९९२ मध्ये लिन रेडर आणि फ्रँक रिटर ह्यांनी एक फार चलाख प्रयोग केला. समोर गणित यायचं, समजा २३ गुणिले २७. एका सेकंदाच्या आत ठरवायचं की उत्तर आठवेल का मांडून काढावं लागेल. आकडेमोडीला वेळच नाही. काही गणितं पुन्हा पुन्हा यायची त्यामुळे त्यांची उत्तरं पाठ होऊन जायची. आणि मग मध्येच त्यांनी आकडे तेच ठेवून फक्त चिन्ह बदललं. म्हणजे हे नवं गणित त्या माणसाने तिथे सोडवलेलंच नाही, आत नोंद असायचा प्रश्नच येत नाही. तरी लोक म्हणाले आठवेल! का, तर आकडे ओळखीचे दिसले. मेंदू जर आत जाऊन नोंद बघून येत असता तर ही फसगत झालीच नसती. नजर उत्तराकडे नव्हतीच मुळी, प्रश्नाकडे होती, प्रश्नातलं काही ओळखीचं वाटलं की आपल्याला वाटतं उत्तरही माहित्येय.

तांडेलाचा_नातू (हर्णै)

हे वाचून आजोबाच आठवले. आता फिशफाइंडर आलेत ते सोडा, पण पूर्वी खाली जाऊन कोण बघणार होतं? पक्षी घिरट्या घालतायत, पाण्याचा रंग बदललाय, वरती खळबळ दिसत्येय, की म्हातारा जाळं मारायच्या आधीच म्हणायचा हितं हाय. आणि बहुतेक वेळा असायचीच मासळी, कधीतरी मात्र सगळ्या खुणा असून जाळं रिकामं यायचं. खाडीकाठ म्हणतायत ते असंच काहीतरी ना? पण मग खूण एकच कशी असेल? नुसता प्रश्न ओळखीचा वाटला म्हणून कोणी इतकं ठामपणे थांब थांब म्हणणार नाही.

खाडीकाठ (देवगड)

दादा, तुमच्या आजोबांना प्रबंधाची डिग्री द्यायला हवी होती. बरोबर धरलंत, खूण एकच नाही. दुसरी खूण इस्रायलच्या हायफा विद्यापीठातल्या आशर कोरियाटने १९९३ मध्ये मांडली. त्याचं म्हणणं असं की आपण शोधायला लागलो की उत्तर आलं नाही तरी तुकडे येतात. पहिलं अक्षर, नाव लांब होतं की आखूड, कुठे वाचलं होतं, पुस्तकाच्या कुठल्या बाजूला होतं. हे तुकडे जितके जास्त आणि जितके भराभर येतील तितकी माहित्येय ही भावना जोरात. आणि आता खरी मेख. तुकडे बरोबर आहेत का चूक हे मेंदूला तेव्हा कळत नसतं. कोरियाटने लोकांना निरर्थक अक्षरांच्या जुळण्या पाठ करायला दिल्या आणि नंतर आठवतील तेवढी अक्षरं सांगायला लावली. ज्याला जास्त अक्षरं सुचली त्याला आपण ओळखू असं जास्त वाटलं, मग त्या अक्षरांतली काही साफ चुकीची का असेनात.

म्हणजे आजोबांनी पक्षी मोजले, पण ते कशावर घिरट्या घालतायत ते बघायची सोय नाही.

दर्यावर्दी_गुहागर

मर्चंट नेव्हीत आयुष्य गेलं त्यामुळे ह्या विषयातला एक किस्सा मला माहीत आहे, कारण त्यात आमचं सामान आहे. १९६६ साली हार्वर्डचे रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅकनील ह्यांनी विद्यार्थ्यांना कमी वापरातल्या शब्दांच्या व्याख्या वाचून दाखवल्या आणि शब्द ओळखायला सांगितला. त्यातली एक व्याख्या होती, समुद्रावर सूर्य, चंद्र, तारे ह्यांची क्षितिजापासूनची उंची कोनात मोजायचं उपकरण. म्हणजे सेक्स्टंट. आमच्या वेळेला रोज दुपारी ब्रिजवर उभं राहून सूर्य घ्यायचा हा नेमच होता, जीपीएसने सगळं मोडलं. असो.

तर ज्या पोरांच्या अगदी जिभेवर शब्द होता पण बाहेर येत नव्हता त्यांना विचारलं की पहिलं अक्षर सांगा, शब्दात सिलॅबल, म्हणजे उच्चाराचे टप्पे, किती ते सांगा. निम्म्याहून जास्त वेळा पहिलं अक्षर बरोबर! दुसरा एक शब्द होता सॅम्पन, म्हणजे चीनच्या बाजूची ती सपाट बुडाची लहान होडी, मी हाँगकाँगला ढिगाने बघितल्यात. त्याच्यासाठी पोरांना काय काय सुचलं तर सायपान, सयाम, सारोंग. होडीशी काही संबंध नाही पण आवाज जवळचा. आणि दुसऱ्या बाजूने बार्ज, हाऊसबोट, जंक, म्हणजे अर्थ जवळचा पण आवाज लांबचा. म्हणजे शब्द आत एकसंध पडलेला नसतो, अर्थ एकीकडे, आवाज एकीकडे, आणि ह्या दोघांमधला दोर कुठेतरी सैल पडला की माणूस अडकतो.

आणि फणसगरा, तुमच्या बाजूनेही एक सांगतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने १८९० मध्येच लिहून ठेवलंय की विसरलेल्या नावाची जागा नुसती रिकामी नसते, कोणी चुकीचं नाव सुचवलं की ती लगेच नाकारते. उत्तर माहीत नसताना हे उत्तर नव्हे एवढं मात्र लख्ख कळतं. ह्याचं काय ते सांगा आता खाडीकाठ.

खाडीकाठ (देवगड)

काका, कडक प्रतिसाद. नाकारणं हेसुद्धा तुकड्यांच्याच जोरावर होतं असं मला वाटतं. पहिलं अक्षर स आहे एवढा तुकडा हाताशी असेल तर बार्ज नाकारायला पूर्ण शब्द लागत नाही. पण तुकडे मुळात खऱ्या नोंदीतून सुटून आलेले असतात हे खरं, त्यामुळे आतली नोंद आणि ही भावना ह्यांचा काहीच संबंध नाही असं मी म्हणणार नाही. संबंध आहे, पण मध्ये दलाल आहे.

दुर्गवेडी (कणकवली)

चुकीच्या तुकड्यांवरून एक खास आपल्याकडचं उदाहरण देते आणि शिव्या खायची तयारी ठेवते. कोणालाही विचारा, सूर्याच्या वर्णपटातली हेलियम वायूची ती पिवळी रेषा इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियरने कुठून बघितली? आपल्या जिल्ह्यातलं शाळकरी पोरसुद्धा हात वर करेल. विजयदुर्ग! आणि किती तुकडे येतात बघा, १८६८ साल, ऑगस्ट महिना, खग्रास सूर्यग्रहण, त्याने ग्रहण बघितलं म्हणतात ते किल्ल्यातले साहेबाचे ओटे. इतकं सगळं धडाधड आल्यावर खात्री वाटणारच. पण लॉकियर ऑगस्टात इथे नव्हता. त्याने ती रेषा ऑक्टोबरात इंग्लंडमधूनच बघितली, ग्रहण नसताना. ऑगस्टातल्या ग्रहणात फ्रेंच ज्यूल जान्सेन भारतात होता पण तो गुंटूरला.

कोरियाटने असल्या फसव्या प्रश्नांवरही काम केलंय. जिथे बहुतेकांना भराभर तुकडे सुचतात पण ते चुकीच्या उत्तराचे असतात, तिथे माहित्येय ही भावना जितकी जास्त तितकं ओळखणं उलट कमी. ऑस्ट्रेलियाची राजधानी विचारून बघा कोणालाही, सिडनीवाले सगळ्यात आधी बोलतात.

मालवणी_खाजा (मालवण)

ताई, ओटे आसत मगे थंय! मी बघलंय!

दुर्गवेडी (कणकवली)

ओटे आहेतच हो, ते कुठे नाही म्हणतेय मी. ग्रहणाचा पट्टाही आपल्याच बाजूने गेला होता. लॉकियर नव्हता एवढंच. आता कृपया ह्याचा वेगळा धागा काढा, इथे नको.

अभ्यासू_पण_आळशी (रत्नागिरी)

वाखूसा (वाचनखूण साठवली). माझा स्वार्थी प्रश्न. एमपीएससीचं वाचताना पान उलटलं की वाटतं हे तर येतंच आपल्याला, आणि पेपरात तोच प्रश्न आला की डोकं ब्लँक. वरती लिहिलंय तसा प्रश्न ओळखीचा वाटतो, चार पर्यायांतले दोन पण ओळखीचे वाटतात, आणि मग निगेटिव्ह मार्किंग. ह्यावर काही उपाय आहे का, की आमचा मेंदूच दलाल आहे?

खाडीकाठ (देवगड)

उपाय आहे आणि फुकट आहे. थॉमस नेल्सन आणि जॉन डनलॉस्की ह्यांनी १९९१ मध्ये दाखवलं की शब्दांची एखादी जोडी पाठ केल्या केल्या लगेच विचारलं, नंतर आठवेल का, तर माणसाचा अंदाज फार कच्चा असतो. कारण गोष्ट अजून समोरच तरंगत असते, ती आठवत्येय असं वाटणारच. पण मध्ये थोडं दुसरं काही वाचून झाल्यावर, उत्तर झाकून, फक्त प्रश्न समोर ठेवून तोच अंदाज करायला लावला तर तो कमालीचा अचूक येतो. फरक एवढाच की आता अंदाज करण्याआधी माणूस खरोखर आठवून बघतो.

तेव्हा पान उलटताना येतंय का हे विचारूच नका. पुढचा धडा वाचा, चहा प्या, मग मागचं पुस्तक मिटून विचारा. हायलायटरने पिवळं केलेलं पान हा सगळ्यात मोठा फसवा पक्षी आहे, त्याची ओळख होते, आठवण होत नाही.

मुडदुशी (वेंगुर्ला)

मी बरेच दिवस फक्त वाचते, आज लिहितेय. माझी आई सत्तरीच्या पुढची आहे. अलीकडे नावं अडकतात तिची. शेजारणीचं नाव, भाच्याच्या बायकोचं नाव, कधी नटाचं. माहित्येय गो माका, म्हणते, पण येना नाय. तिला स्वतःलाच धसका बसलाय की हा विसराळूपणाचा आजार तर नाही. घरात कोणी काही बोललं की ती रडकुंडीला येते. इथे कोणी डॉक्टर असतील तर सांगा.

खेड्यातला_डॉक्टर (चिपळूण)

ताई, न तपासता निदान करत नाही, पण तुम्ही जे लिहिलंत ते वयाबरोबर जवळजवळ सगळ्यांना होतं आणि सगळ्यात आधी विशेषनामांचं होतं. डेबोरा बर्क आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये हे नीट तपासलं, तरुणांपेक्षा वयस्करांना असं अडकणं जास्त, आणि नावांच्या बाबतीत विशेष. कारण असं मांडतात की नाव सुतारकाम किंवा मासेमारी ह्या शब्दांसारखं अर्थाला बांधलेलं नसतं. सुतार म्हटलं की लाकूड, रंधा, करवत असे दहा धागे असतात, एक तुटला तरी दुसरा चालतो. एखाद्या बाईचं नाव सुलभाच का, ह्याला कारण नाही, त्यामुळे माणूस आणि नाव ह्यांच्यात एकच बारीक धागा, आणि वापर कमी झाला, वय झालं की तोच आधी क्षीण होतो. अडकलेली बहुतेक नावं नंतर आपोआप येतात, ते तुमच्या आईच्या बाबतीतही होत असणार, विचारून बघा.

माहित्येय पण येत नाही असं आई म्हणतेय हे मला उलट बरं लक्षण वाटतं, कारण आपल्याला काय येतं त्याचा अंदाज शाबूत आहे. हा अंदाज वेगळा बिघडू शकतो. शिमामुरा आणि स्क्वायर ह्यांनी १९८६ मध्ये दाखवलं की दारूमुळे आणि बी-१ जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे होणाऱ्या कोर्साकॉफ ह्या आजाराच्या रुग्णांत स्मृतीबरोबर हा अंदाजही गेलेला असतो, पण दुसऱ्या काही स्मृतिलोपाच्या (अम्नेशिया) रुग्णांत स्मृती खूप बिघडूनही अंदाज ठीक राहतो. म्हणजे आठवणं आणि आठवेल का ते ओळखणं ही दोन कामं आहेत, आणि दुसऱ्यात कपाळामागच्या भागाचा मोठा हात आहे.

नेहमीच्या वाटेवर चुकणं, गॅस, पैसे, औषधं ह्यांत गोंधळ, तोच प्रश्न पाच मिनिटांनी परत, वस्तूचं नावच नव्हे तर ती कशासाठी असते हेच न कळणं, असं काही असेल तर मात्र वाट बघू नका, न्यूरोलॉजिस्टला दाखवा. थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या, ते दोन्ही दुरुस्त होण्यातले आहेत. आणि घरच्यांना सांगा, चिडवू नका.

मुडदुशी (वेंगुर्ला)

डॉक्टर, खूप आभार. वाट वगैरे चुकत नाही हो, बाजारातून एकटी जाऊन येते आणि मासळीचा भाव माझ्यापेक्षा चांगला करते. नावं नंतर येतात हेही खरं, रात्री जेवताना मध्येच ओरडते. तपासण्या करून घेते.

एक विचारू? अडकली की आम्ही तिला म्हणतो आठव आठव, जोर लाव, म्हणजे मेंदूला व्यायाम होईल. हे बरोबर का?

खाडीकाठ (देवगड)

ताई, नका करू असं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात एमी बेथ वॉरिनर आणि कॅरिन हंफ्रीज ह्यांनी २००८ मध्ये नेमकं हेच बघितलं. शब्द जिभेवर अडकलेल्या लोकांपैकी काहींना दहा सेकंदांनी उत्तर सांगितलं, काहींना तीस सेकंद तसंच झगडत ठेवलं. दोन दिवसांनी परत विचारलं तर ज्यांना जास्त वेळ झगडायला लावलं होतं तेच परत त्याच शब्दाला अडकायचा संभव जास्त. म्हणजे झगडताना माणूस शब्द शिकत नाही, अडकायची वाटच पक्की करतो. सरळ सांगा नाव आणि तिला एकदा मोठ्याने म्हणू द्या.

दर्यावर्दी_गुहागर

हे मला मानवत नाही. स्वतःहून आठवलं की जो आनंद होतो त्याला तोड नाही. फोनवर शोधून मिळालेलं नाव दुपारपर्यंत परत विसरतो मी.

खाडीकाठ (देवगड)

काका, स्वतःहून आलं तर उत्तमच, तो प्रयोग त्याच्या विरुद्ध नाही. न येता नुसतं ओढत बसण्याबद्दल आहे. सोडून द्या, कामाला लागा, येईल तेव्हा येईल.

फणसगरा (राजापूर)

बरं, सगळं वाचलं, माझं म्हणणं थोडं सैल करतो, पूर्ण नाही. आता माझा शेवटचा प्रश्न. तुम्ही सगळे हो ला चिकटलात. पण नाही चं काय? मला कोणी विचारलं की पेरू देशाच्या दुसऱ्या राष्ट्राध्यक्षाचं नाव काय, तर मी अर्ध्या सेकंदात म्हणतो माहीत नाही. अख्खं डोकं शोधायला तेवढा वेळ कसा पुरतो? इथे तर खुणाच नाहीत, मग अंदाज कशावरून?

खाडीकाठ (देवगड)

खुणाच नाहीत हीच खूण. ग्लक्सबर्ग आणि मॅक्लॉस्की ह्यांनी १९८१ मध्ये ह्यावर लिहिलंय. पहिल्या धक्क्याला संबंधित काहीच वर आलं नाही की मेंदू तिथेच शोध थांबवतो आणि माहीत नाही म्हणतो, अख्खं डोकं शोधतच नाही. थोडंसं काही वर आलं की मात्र ते तपासत बसतो आणि वेळ लागतो. त्यांनी लोकांना काही वाक्यं पाठ करायला दिली, अमक्याकडे पेन्सिल आहे, तमक्याकडे वाटी नाही, आणि काही अशी की फलाण्याकडे करवत आहे की नाही ते कोणाला माहीत नाही. नंतर विचारल्यावर ज्या गोष्टींबद्दल काहीच सांगितलं नव्हतं त्यांना लोक पटकन माहीत नाही म्हणाले. पण जिथे स्पष्ट सांगितलं होतं की हे कोणालाच माहीत नाही, तिथे माहीत नाही म्हणायला जास्त वेळ लागला. कारण आत काहीतरी नोंद होती आणि ती वाचून बघावी लागली.

फणसगरा (राजापूर)

हे मात्र पटलं. आमच्याकडे सामायिक बागेची हद्द कुठून जाते विचारलं की चुलते पाच मिनिटं विचार करून मग माहीत नाही म्हणतात, ते आता कळलं. लहानपणापासून सगळ्यांनी त्यांना तेच सांगितलंय.